गाव उठलं, शिवार राहिलं: बेचिराख गावाचा इतिहास कसा लावायचा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेली. शिरूर, श्रीगोंदा, दौंड हा घोड-भीमेचा पट्टा आधी साखळी ओढत आणि नंतर यंत्र खांद्यावर घेऊन पालथा घातला. त्यामुळे आता पोरंपोरी येतात नि विचारतात, "आमच्या शिवेपलीकडं जुनं गाव होतं म्हणतात. त्याचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?" खरं तर सुरुवात करून झालेली असते. कुणातरी म्हाताऱ्याला गाठून 'गाव कसं बुडालं' हे विचारलेलं असतं. म्हातारा सांगतो, पटकी (कॉलरा) आली आणि एका रात्रीत गाव उठलं. मोबाईलवर रेकॉर्डिंग झालं, इतिहास संपला.

एका रात्रीत उठलेलं गाव मला कागदात अजून भेटलेलं नाही. धरणात गेलेली आणि दरडीखाली गेलेली सोडून बोलतोय. बाकीची गावं दहा-वीस वर्षं, कधी दोन पिढ्या घेऊन विझत जातात आणि त्यांचं विझणं शेतसाऱ्याच्या हिशोबात टप्प्याटप्प्यानं दिसतं. माणसं गेली तरी जमिनीवरचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, राहतो आणि आकार वसूल करणारा गावाचं नाव विसरत नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी कागद, मग रान, मग माणसं आणि शेवटी पुन्हा कागद.

मी जे उदाहरण देणार आहे ते घोडकाठचंच आहे, पण नाव सांगणार नाही. कारण गुप्तधनवाले. नाव छापून आलं की पुढच्या अमावास्येला कुणीतरी पहार घेऊन हजर.

गाव आहे का, ते आधी बघा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर तालुका निवडून गावांची यादी उघडा. ज्या गावात आज एक चूल पेटत नाही, त्याचंही नाव तिथं असतं, सातबारेही निघतात. मग जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा. तिच्यातल्या गावयादीत निर्जन गावंही दिलेली असतात, लोकसंख्येच्या रकान्यात काही नाही एवढंच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ४३,६०० महसुली गावांपैकी सुमारे २,७०० गावं निर्जन होती. ती सगळीच उठलेली गावं नव्हेत. काही जंगलाची, काही धरणाच्या पाण्याखालची, काही पहिल्यापासून नुसतीच शिवारं. तेव्हा १९५१ आणि १९६१ च्या पुस्तिकाही चाळा. तिथं माणसं असतील तर गाव आजोबांच्या देखत उठलं. तिथंही नसतील तर मागं जावं लागेल.

यादीत नावच नाही असंही होतं. मग ते गाव शेजारच्या गावात मिळवलेलं असतं, किंवा पहिल्यापासून वाडी असते. वाडीचा शोध वेगळा, त्यात इथं शिरत नाही.

उजनीसारख्या धरणाखाली गेलेल्या गावांचं काम त्या मानानं सोपं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ बघायला गर्दी होते, पण खरा माल भूसंपादनाच्या निवाड्यात असतो. घर, विहीर, झाड यांची मोजदाद करून भरपाई ठरलेली असते. कुणाचं घर किती खणांचं होतं, हे निवाड्याइतकं नेटकं दुसरीकडं सापडत नाही.

नकाशा

इथं मी रेंगाळणार, माझा धंदाच तो.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज द्या, पण 'गावाचा नकाशा' एवढंच लिहू नका, गटवारी नकाशा हातात येईल. आपल्या भागात १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं, तुकडे जोडून गट पडले, आणि त्या भानगडीत जुन्या रानांचे आकार बुजले. तुम्हाला हवा आहे एकत्रीकरणापूर्वीचा, जुन्या सर्व्हे नंबरांचा नकाशा. सोबत जुने नंबर आणि नवे गट जुळवणारा उतारा मागा. तो नसेल तर पुढं जागेवर गेल्यावर कपाळाला हात लावाल. कार्यालयात पहिल्यांदा 'जीर्ण आहे' असं उत्तर मिळतं. जीर्ण म्हणजे नाही असं नव्हे. चिकाटी ठेवा, आणि 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर त्या गावाची जुनी कागदं चढली आहेत का तेही बघून घ्या.

नकाशा हातात आला की नंबर वाचायच्या आधी वाटा बघा. बैलगाडीच्या वाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. चार दिशांनी आलेल्या वाटा जिथं काहीच नाही अशा ठिकाणी एकत्र येत असतील, तर तिथं गाव होतं. आमच्या उदाहरणात तीन वाटा ओढ्याच्या वळणावर मिळतात आणि चौथी तिथून नदीच्या उताराकडं जाते. माणसं जाऊन शंभर वर्षं उलटली तरी बांध वाटेला धरून पडलेले असतात, नांगराला ते सहज मोडवत नाहीत.

दुसरी खूण गावठाणाची. नंबर नसलेला एक तुकडा मधोमध सोडलेला असेल तर तेच. तो नसेल तर गाव पहिल्या मोजणीच्या आधीच उठलं आणि गावठाणालाही शेतीचा नंबर पडला. आपल्याकडची ही मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू केली आणि पुढं तालुक्यातालुक्यांत नेली. म्हणजे 'गावठाण आहे की नाही' एवढ्या एका प्रश्नावर तुमच्या गावाच्या उठण्याची एक हद्द ठरते.

तिसरी गोष्ट रानांची नावं. टिपणात, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीत, आणि जुन्या फेरफारात ती सापडतात, शेतकऱ्यांच्या तोंडी तर असतातच: पांढरीचं रान, गढीचा तुकडा, वेशीपट्टी, आडाचा मळा. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची. सगळं शिवार काळं असताना एका रानाला पांढरी म्हणत असतील, तर तिथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंती मुरलेल्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांतही उजाड गावाला वेगळी खूण असते. शिरूरचा भाग ४७ जे या पत्रकात येतो. वेगवेगळ्या काळातली दोन पत्रकं मिळाली तर लावून बघा.

वसवलं कुणी

गाव कसं गेलं हे सगळे विचारतात, आलं कसं हे कुणी विचारत नाही. मला स्वतःला ते जास्त मोलाचं वाटतं.

आपल्या देशावरची बरीच गावं एकदा नव्हे, दोनदा-तीनदा वसलेली आहेत. १६३०-३२ च्या दुष्काळानं पुण्या-नगरचा मुलूख ओस पडला, तो पुन्हा लावावा लागला. शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी केलेली लावणी, म्हणजे ओस गावं पुन्हा वसवणं, तर शाळेच्या पुस्तकातही येते. १८०२ मध्ये होळकरांची स्वारी आली आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, पुन्हा तेच. उजाड गावावर माणसं आणायची तर सरकार कौल, म्हणजे सवलतीचं वचन, देई. इस्तावा नावाची पद्धत होती: पहिल्या साली सारा नाममात्र, पुढं दरसाल चढता, काही वर्षांनी पुरा धारा. जो पुढाकार घेऊन कुळं आणी, बैल उभे करी, विहीर पाडी, त्याच्याकडं बहुधा पाटीलकी जाई. रान मोडून वस्ती करणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल आपल्याकडं पोवाडे नाहीत, पण कागद आहेत.

ते कागद मोडीत आहेत, इलाज नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. मोडीचे वर्ग पुरालेखागारही भरवतं आणि भारत इतिहास संशोधक मंडळही. अक्षरं येईपर्यंत थांबू नका. गावाचं नाव, तर्फ, परगणा (त्या काळचे तालुक्यासारखे विभाग) आणि सालाचे आकडे एवढं वाचता आलं तरी रुमालातून आपला कागद वेगळा काढता येतो.

साल मात्र नीट लावा. कागदात 'इहिदे सबैन मया व अलफ' असं असेल तर ते अरबी आकडे आहेत: एक, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरातली अरबी कालगणना) ११७१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. आलं १७७०-७१. फसली या महसुली सालाला ५९० किंवा ५९१, शकाला ७८ किंवा ७९. ही बेरीज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

काय मागायचं? गावझाडा मिळाला तर सोनं. गावाची एकूण जमीन, त्यातून इनाम वजा, पड वजा, राहिली ती लावणी. पाच-सहा सालांचे गावझाडे ओळीनं मांडले की पड कशी फुगत गेली ते दिसतं. आमच्या गावात आधी नदीकडची रानं पड पडली, मग बागायत, आणि शेवटी इनामं सोडून काही उरलं नाही. पटकीचा त्यात पत्ता नाही. थळझाडाही बघा. थळ म्हणजे एका मूळ घराण्याची जमीन, आणि त्या घराण्याचं नाव थळाला चिकटून राहतं. घराणं बुडालं किंवा परागंदा झालं की पुढं 'गतकूळ' असा शेरा येतो. गेलेल्या घरांची यादी इतकी सरळ हातात पडते आणि तरी लोक ती वाचत नाहीत, कारण त्यांना लढाया हव्या असतात.

पाटीलकीच्या तंट्याचे महजर, म्हणजे सभेपुढचे निवाडे, मिळाले तर गोष्टींचा खजिनाच. आमचा मूळ पुरुष अमक्या गावाहून आला, रान मोडलं, वेस बांधली, भाऊबंदानं दगा केला, सगळं त्यात असतं. फक्त लक्षात ठेवा, तो वादी-प्रतिवादीनं आपापल्या सोयीनं सांगितलेला इतिहास आहे. दोन्ही बाजूंनी ज्या गोष्टी मान्य केल्या असतील त्या घ्या, बाकीच्या 'असं म्हणत' म्हणून लिहा.

मोडीकडं वळायच्या आधी एक सोपं दार ठोठावून बघा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसील कार्यालयांनी जुनी दप्तरं बाहेर काढली. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हक्कनोंदी, पाहणीपत्रकं स्कॅन होऊन बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढली. ज्या कारणानं निघाली ते असो, आपल्याला आयती मिळाली. उठत आलेल्या गावाच्या नमुना १४ मध्ये जन्म कमी होत जातात आणि मग पानं कोरी राहतात. तेवढ्यावर शेवटच्या घराचं साल अंदाजानं काढता येतं.

गॅझेटियर, म्हणजे इंग्रजी अमलातले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, वाचा, पण त्यात तुमचं गाव शोधू नका, ते नसतंच. पुणे जिल्ह्याचे तीन भाग १८८५ चे, अहमदनगरचा खंड १८८४ चा. दुष्काळ, रोगराई, बाजारपेठा आणि रस्ते कुठून कुठं वळले यासाठी ते उपयोगी. तालुक्याच्या फेरआकारणीच्या छापील अहवालांत पुष्कळदा गाववार विहिरी, नांगर, गाड्या मोजलेल्या असतात, ते जास्त कामाचे. आणि एखाद्या घरात काय काय असे ते समजून घ्यायला पुण्याजवळच्या लोणीचं वर्णन मिळवा. टॉमस कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं १८२० च्या सुमारास ते लिहिलं. घरं, भांडी, औतं, जेवण, कर्ज, सगळं टिपलंय. साहेबाचा चष्मा आहेच, तरी तुमच्या गावच्या मोकळ्या जोत्यावर घर उभं करायला त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

रानात

पहिला पाऊस पडून गेल्यावर, पेरणीच्या आधी जा. धूळ बसलेली असते, खापरं धुऊन वर आलेली असतात. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. सोबत गावातला एक माणूस हवाच, नाहीतर तुम्हीच गुप्तधनवाले ठरता.

बघायचं काय: जात्याच्या तळ्या, पाटे-वरवंट्यांचे तुकडे, काचेच्या बांगड्यांच्या काचा, लोहाराच्या भट्टीतले जड काळे खडे. बशीसारखे गोल खड्डे दिसले तर बहुधा ढासळलेली पेवं, म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली तळघरं. एकटाच आड, आणि त्याच्याभोवती पिंपळ-चिंच. मारुती वेशीजवळ असे, तेव्हा मारुतीकडं पाठ करून आत बघितलं की गावाचा रस्ता कुठून गेला असेल ते डोळ्यांपुढं येतं. मरीआई आणि म्हसोबा बहुधा कडेला. या सगळ्यांच्या जागा नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलीनं मांडा, मोबाईलमधले अक्षांश-रेखांशही लिहा.

वीरगळ आणि सतीचे दगड सापडतील. वीरगळावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, कडेला चंद्र-सूर्य. सतीच्या दगडावर काटकोनात वळलेला बांगड्यांचा हात. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा. खडू, तेल, पीठ काही लावू नका. आणि लेख नसेल तर 'यादवकालीन' लिहून मोकळं होऊ नका. हल्ली दर दुसरा दगड यादवकालीन असतो.

एक गोष्ट मात्र दिसली की थांबायचं. पातळ, तांबूस, टणटण वाजणारं खापर आणि त्यावर काळ्या रंगाच्या रेघा असतील, तर तुमचं गाव पेशवाईतलं नाही, त्याच्या तळाशी दुसरंच गाव आहे. त्याला जोर्वे संस्कृतीचं खापर म्हणतात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून. शिरूर तालुक्यातलं इनामगाव याच घोड नदीवर आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं तिथं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. आधी चौकोनी घरं, शेवटी शेवटी लहान गोल झोपड्या, पोरं दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरलेली, आणि मग वस्ती उठली. आपल्या काठावरचे पहिले वसाहतकार ते. तसं खापर दिसलं तर जागच्या जागी फोटो काढा, उचलू नका, आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.

खणायचं तर कुठंच नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हंडा सापडलेला माणूस मी पाहिलेला नाही. हंड्यापायी ढासळवलेल्या गढ्या पुष्कळ पाहिल्या.

माणसं

आता म्हाताऱ्याकडं जा. पण 'गाव का उठलं' विचारू नका. विचारा, जत्रेला पहिला नारळ कुणाचा? पालखीला खांदा कुणाचा? मारुतीची दिवाबत्ती कोण करतं? आमच्या उदाहरणात छप्पर नसलेल्या मारुतीला शेजारच्या गावचा गुरव शनिवारी तेल घालतो, कारण देवस्थान इनामाचा तुकडा अजून त्याच्या घरच्या कसवणुकीत आहे. सातबाऱ्यावर 'वर्ग ३', म्हणजे देवस्थान इनाम, दिसलं की त्या घरी जायचं. त्याच्या आईनं मला तीन गावांची नावं सांगितली, जिथून चैत्रात लोक येतात. "तुमची कोण लागतात ती?" म्हटलं, तर म्हणाली, "कुणीच न्हाई, मूळची हितली हायती." त्या तीन गावांत जाऊन मतदारयादी बघा. उठलेल्या गावाचं नाव लावणारी '-कर' आडनावं सापडली की माणसं कुठं गेली याचं उत्तर मिळालं.

शिवेचं सगळ्यात पक्कं ज्ञान महार समाजाकडं होतं. शिवेच्या तंट्यात त्यांची साक्ष मानली जाई. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं, म्हणजे गावकामगारांच्या सेवेबद्दलच्या जमिनी, गेली, पण त्या वतनाची ६ब ची नोंद जुन्या उताऱ्यांवर दिसते आणि त्या घरांना आजोबांनी दाखवलेले शिवेचे दगड माहीत असतात. गावोगावच्या स्मरणिकांत पाटलांची वंशावळ चार पानं आणि यांचा उल्लेख नाही, हे मला पटत नाही. आज ती कुटुंबं पुण्यात, पिंपरीत असतील, तिथं जाऊन भेटा.

आणखी दोन ठिकाणं. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थाच्या ठिकाणच्या पुरोहितांच्या) नामावळ्यांत गावाच्या नावाखाली घराणी असतात. वारीला किंवा श्राद्धाला आलेल्यानं सांगितलेलं गाव तिथं राहतं, गाव उठलं तरी. दक्षिणेकडं हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात, त्यांनाही विचारा.

या सगळ्यानंतर पटकीची, प्लेगची गोष्ट पुन्हा तपासा. प्लेग खोटा नाही. १८९६ नंतर लोक गाव सोडून रानात खोपटी घालून राहिले आणि काही परत पांढरीवर आलेच नाहीत, हे घडलेलं आहे. पण मग तुमच्या नमुना १४ मध्ये त्या साली मृत्यू वाढलेले दिसले पाहिजेत, आणि गावठाण नकाशात दिसलं पाहिजे. नसेल दिसत, तर म्हाताऱ्याची गोष्ट 'सांगतात' म्हणून लिहा आणि शेजारी कागद काय म्हणतो ते लिहा. गोष्ट खोडू नका, तीही त्या माणसांचीच आहे.

लिहिताना जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट दोन्ही द्या, कागदाचा रुमाल क्रमांक द्या. छापील प्रतीत नेमकी जागा मात्र देऊ नका, ती वेगळ्या पाकिटात ठेवा. एक प्रत गुरवाच्या घरी द्या. ज्यांच्या शिवारात ते रान येतं त्या ग्रामपंचायतीला एक प्रत आवक क्रमांक घालून द्या, आणि पोच घ्या, सही-शिक्क्यासकट.